गाळलेले एकतीस

मंगळवारी दुपारी बाराला पाच कमी असताना सिद्ध झालं, की टोपीवाल्याचा बाप ऐकतो. चांगलं ठसठशीत सिद्ध झालं. पडद्यावर डोंगर उभा राहिला, शाळेतल्या पोरांनी चित्रात काढावा तसा, फक्त मागून सूर्य यायचा बाकी होता. आता हे वाचलंत ते विसरून जा. विभागाच्या नोंदवहीत त्या वेळेसमोर 'जेवणाची सुट्टी' एवढंच लिहिलेलं आहे, आणि नोंदवहीशी भांडून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही. तेव्हा आपणही असं धरून चालू की बाप ऐकत नाही, सोमवारी दिलेला अहवाल शंभर टक्के बरोबर आहे, आणि टोपीवाला तळमजल्यावरच्या कँटीनमध्ये एकटाच बसून उकडलेलं अंडं सोलतो आहे.

अंडं सोलताना तो रागावलेला होता. त्याचा राग भडकणारा, ताटं आपटणारा नव्हता, इमारतीच्या तळघरात पाण्याचा पंप चालू असावा तसा तो कायम घुरघुरत असे, आणि घरच्यांना, विभागातल्यांना, त्याला स्वतःलाही त्याची इतकी सवय झाली होती की कोणी विचारलं असतं, "का रे, रागावलायस का?" तर तो प्रामाणिकपणे "नाही बुवा" म्हणाला असता. आज मात्र त्याला पंप ऐकू येत होता. तो अंड्यावर रागावला होता, कारण त्याचं साल पापुद्र्यासकट निघत होतं. तो मॅडमवर, म्हणजे विभागप्रमुखांवर रागावला होता, कारण त्यांनी अहवालावर सही करताना दुसऱ्या हाताने फोनवर पडद्यांच्या कापडाचा रंग ठरवला होता. ताईवर रागावला होता, कारण ताई रोज फोन करून "अरे, आज त्यांनी माझ्याकडे बघितलं रे, खरंच बघितलं" असं सांगे, आणि तो रोज तिला "ताई, डोळे उघडे असणं आणि बघणं यात फरक असतो" असं शिकवणीच्या मास्तरासारखं सांगे. आणि बापावर तर तो नवव्या वर्षापासून रागावलेला होता. ते खातं जुनं.

टोपीवाला हे अर्थात त्याचं नाव नव्हे. मोठ्या रुग्णालयातल्या मेंदूच्या विभागात लोकांना टोप्या घालणं हा त्याचा धंदा, म्हणून मॅडमनी पहिल्याच दिवशी हा विनोद केला, आणि विभागप्रमुखांनी केलेला विनोद निवृत्तीपर्यंत टिकतो. टोपी रबरी, तिला बत्तीस भोकं, प्रत्येक भोकात एक बटण, आणि प्रत्येक बटणाखाली बोथट सुईच्या सिरिंजने जेल भरायचं, केस बाजूला सारून, कातडी जराशी घासून. मग कानात आवाज सोडायचा. टुक. टुक. टुक. टुक. टीं. दर सेकंदाला एक. टुक पुष्कळ, टीं क्वचित. ज्याचं लक्ष शाबूत आहे त्याचा मेंदू टीं वाजल्यावर साधारण सेकंदाच्या एक तृतीयांशाने एक छोटीशी लाट सोडतो. म्हणजे मेंदू भुवई उंचावतो म्हणा. पण एका टींवर ती लाट दिसत नाही. डोक्यात एवढा कालवा चाललेला असतो की एकटी लाट म्हणजे बाजारातलं पुटपुटणं. म्हणून चारशे वेळा आवाज द्यायचा आणि एकावर एक रचून सरासरी काढायची. जे दरवेळी येतं ते उरतं, जे एकदाच येतं ते पुसलं जातं. हे टोपीवाला अकरा वर्षं नव्या डॉक्टरांना समजावत आला होता, आणि अकरा वर्षांत एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं की ही व्यवस्था हरामखोर आहे. कोणी जिवाच्या आकांताने एकदाच, फक्त एकदाच "काय?" म्हणालं, तर ते कचऱ्यात. प्रत्येक वेळी तितक्याच आज्ञाधारकपणे दचकाल तरच तुम्ही जागे. त्याला वाटलं, या हिशोबाने तर मॅडम सगळ्यात जाग्या.

तीन महिन्यांपूर्वी बापाच्या मेंदूतली एक शीर फुटली. तो वाचला, म्हणजे श्वास घेतो, गिळतो, डोळे उघडतो आणि छताकडे पाहतो. आत कोणी आहे का, हा प्रश्न होता. रुग्णालयाचा नियम सरळ : आत कोणी असेल तर समोरच्या इमारतीत सुधार कक्ष, व्यायाम, बोलणं शिकवणाऱ्या बाई, उजेड. नसेल तर मागची इमारत. मागच्या इमारतीत वाईट काही नाही. चादरी स्वच्छ, माणसं मायाळू, आणि रुग्णांना सोबत म्हणून दिवसरात्र रेडिओ. फक्त तिथून कोणी समोर आलेलं नाही. निकाल शुक्रवारी लागणार होता आणि तो एका अहवालावर लागणार होता. दुसरी तंत्रज्ञ बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून नातेवाइकाने चाचणी घेऊ नये हा नियम एका दिवसापुरता मॅडमनी डोळ्याआड केला, आणि सोमवारी टोपीवाल्याने स्वतःच्या बापाला टोपी घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने बापाच्या डोक्याला हात लावला. डोकं लहान निघालं. लहानपणी ते केवढं वाटे! मधला आकार लागला. टुक, टीं, टुक, टुक. काही नाही. सपाट. मग दुसरा भाग : परक्या नावांच्या रांगेत मधूनच रुग्णाचं नाव ऐकवायचं. ते नाव इथे सांगण्यात अर्थ नाही. चाळीस वेळा ऐकूनही ज्याचं त्यानेच मनावर घेतलं नाही, ते आपण कशाला घ्यावं? मग टोपीवाला बसला आणि नेहमीप्रमाणे खराब नोंदी गाळू लागला. इअरफोनची पिन आठ महिन्यांपासून सैल होती, मधूनच आवाज कानापर्यंत जातच नसे. आवाज खरोखर गेला की नाही हे दाखवणारी एक वेगळी रेघ पडद्याच्या तळाशी असते. ती जिथे सपाट, ती नोंद बाद. निकष क्रमांक सात. एकतीस नोंदी निघाल्या. एकतीस वेळा त्याने माउस दाबला आणि एकतीस वेळा पिनेला शिवी दिली. संध्याकाळी अहवाल गेला : 'लक्ष असल्याचा पुरावा आढळला नाही.' टोपीवाल्याने स्वतः टंकला, त्यातली वेलांटीची एक चूकसुद्धा सुधारली.

तर अंडं. अर्धं सोलून झालं होतं, आणि कँटीनच्या भिंतीतला हवा बाहेर फेकणारा जुना पंखा बंद पडला. एवढंच झालं. तो पंखा सकाळपासून, किंबहुना टोपीवाला नोकरीला लागल्यापासून घरघरत होता आणि कोणीही तो ऐकत नव्हतं. तो थांबला, आणि कँटीनमधल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. चमचे थांबले. घास घेत असलेला एक जाडा डॉक्टर तोंड उघडं ठेवून इकडेतिकडे बघू लागला. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "काय झालं हो?" झालं तर काहीच नव्हतं. काहीतरी व्हायचं थांबलं होतं. टोपीवाल्याने अंडं बशीत ठेवलं. कारण त्याला बाप दिसला, लहानपणच्या घरातला : खुर्चीत, मान छातीवर, तोंड उघडं, घोरणं रंगात आलेलं, आणि शेजारी रेडिओ बाजारभाव सांगतोय. आई दबक्या पावलांनी जाऊन रेडिओ बंद करते. बाप डोळे मिटलेलेच ठेवून म्हणतो, "ऐकतोय मी." आई म्हणते, "घोरत होतात!" "घोरत ऐकत होतो." आई पुन्हा रेडिओ लावते. बाप पुन्हा घोरतो. हा विनोद त्यांच्या घरात रोज होत असे, आणि रोजचा म्हणून त्याला कोणी हसत नसे.

बाप कापडाच्या कारखान्यात मागांच्या शेडवर देखरेख करायचा. एकशे वीस माग, एका छपराखाली, आणि आवाज असा की माणसं आयुष्यभर खुणांनी बोलायची. एकदा डबा द्यायला म्हणून टोपीवाला आत गेला होता. दातांच्या मुळांपर्यंत आवाज जाऊन बसला होता. बाप एका टोकाला कोणाशी तरी खुणांनी बोलत उभा होता आणि बोलता बोलता एकदम वळला, तरातरा चालत गेला, ओळींमधून, सत्तर-ऐंशी मागांच्या पलीकडे, आणि एका मागापाशी थांबला. त्या मागातला आडवा धागा नेणारा धोटा अडकला होता, तो माग बंद पडला होता. एकशे एकोणीस मागांच्या खणखणाटात त्याला एक माग न वाजलेला ऐकू आला होता. बाहेर आल्यावर पोराने विचारलं होतं, "बाबा, तुम्हाला कळलं कसं?" बाप म्हणाला होता, "चालू असलेलं काय ऐकायचं? चालूय ना, मग चालूय." तीस वर्षं ज्याने टुकटुकीकडे दुर्लक्ष करायचा पगार घेतला, आणि टींसारखे चित्रविचित्र आवाज दर मिनिटाला पचवले, त्याला आपण विचारत होतो, टीं कळलं का!

अंडं तसंच टाकून तो तीन मजले चढला. लिफ्ट होती, पण रागावलेल्या माणसाला लिफ्टमध्ये उभं राहता येत नाही. गाळलेल्या नोंदी पुसल्या जात नाहीत, एका वेगळ्या कप्प्यात पडून राहतात. त्याने एकतीसच्या एकतीस उचलल्या. जिथे आवाज यायला हवा होता आणि आला नाही, त्या क्षणापासून मोजायला लागला. एकावर एक रचल्या. पुढचं काय सांगायचं? बाराला पाच कमी होते, आणि त्या वेळी जेवणाची सुट्टी होती, हे आपलं ठरलेलं आहे.

"मॅडम, त्यांना आवाज न आल्याचं कळतंय," तो मॅडमच्या खोलीत उभा राहून म्हणाला. धाप लागली होती.

"कोणाला?"

"बाबांना. माझ्या."

"पण अहो, आवाज आलाच नाही ना?"

"तेच तर."

"मग स्टिम्युलस काय होता?"

"काही नव्हता."

"आणि रिस्पॉन्स?"

"आहे. एवढा मोठा आहे."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या वाईट नव्हत्या. त्यांना फक्त परीक्षा घ्यायची सवय होती. "काहीच झालेलं नसताना जो पेशंट रिस्पॉन्स देतो, त्याला आपण काय म्हणतो?"

"जागा," टोपीवाला म्हणाला.

"नॉइज," मॅडम म्हणाल्या. "बसा. पाणी घ्या. तुम्ही आता मुलगा म्हणून बोलताय की तंत्रज्ञ म्हणून?"

"पुन्हा चाचणी घेऊ द्या. मधूनमधून मुद्दाम गॅप ठेवून. तुम्ही स्वतः घ्या, मी खोलीबाहेर थांबतो."

"एका पेशंटची चाचणी सहा महिन्यांत एकदाच. आणि मुद्दाम गॅप ठेवायचा तर समितीची परवानगी. समितीतले एक सदस्य वारले, तुम्हाला माहीतच आहे."

"मग नवा नेमा."

"नेमायला बैठक लागते. बैठकीला पूर्ण समिती लागते." मॅडमनी हे अगदी शांतपणे, हवामान सांगावं तसं सांगितलं. "तांत्रिक बिघाडामुळे चाचणी अपुरी झाली असती, तर गोष्ट वेगळी. बिघाडाला परवानगी लागत नाही. पण त्यासाठी चारशेतल्या पन्नास नोंदी तरी बाद व्हायला हव्यात. तुमच्या एकतीसच झाल्या."

"पिन आणखी सैल असती तर?"

"अहो, तुम्हीच आठ महिने मागे लागला होतात ना! तेवीस अर्ज. सगळे वाचलेत मी, भाषा फार उद्धट होती. शेवटी आज सकाळी मीच स्टोअरला फोन केला. म्हटलं, माणूस वडिलांच्या काळजीत आहे, त्याचं हे एवढं तरी काम होऊ दे."

तो धावत परत आला. स्टोअरचा माणूस गुडघ्यावर बसून स्क्रूड्रायव्हर पुसत होता. "घ्या साहेब, झालं एकदाचं. नवी बसवली. आता हत्तीने ओढली तरी निघायची नाही. इथे सही करा." टोपीवाल्याने सही केली. हातातलं पेन त्या माणसाच्या डोळ्यात खुपसावं असं त्याला स्पष्टपणे, चित्रासारखं वाटलं, आणि त्याने "थँक्यू" म्हटलं. "जुनी कुठेय?" त्याने विचारलं. "जुनी जमा करावी लागते," तो माणूस म्हणाला, "घरच्या माणसाची चाचणी घेऊन तुम्हीच नियम पाळत नाही म्हटल्यावर आम्ही तरी पाळायला नकोत?"

वॉर्डात दुपारचं सामसूम असायला हवं होतं, पण दूरच्या टोकाला सफाईच्या मावशी फरशी घासायचं यंत्र फिरवत होत्या, घुंऽऽ करत. बाप छताकडे बघत होता. कपाळावर अजून बटणांचे गोल वळ होते, केसांत वाळलेलं जेल. टोपीवाला स्टुलावर बसला आणि बोलू लागला. आधी हळू, मग हळू राहिलं नाही. "तुम्हाला लाज वाटत नाही? टीं वाजलं होतं. लख्ख टीं वाजलं होतं. एक लाट सोडायला काय जात होतं तुमचं? नाही, तुम्ही नाहीच द्यायची. मी पहिला आलो तेव्हा 'हं'. नोकरी लागली तेव्हा 'हं'. आई गेली तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात मी तुम्हाला काय म्हणालो आठवतं? तेव्हासुद्धा 'हं'. मी लहानपणी किती बोलायचो, बाबा, तुम्हाला एक शब्द तरी आठवतो का?" खरोखरच तो फार बोलायचा. पाटीभर बोलायचा, बाप वर्तमानपत्राआड, आणि मग नवव्या वर्षी एके दिवशी चिडून त्याने ठरवलं, आता नाहीच बोलायचं. सकाळी नाही, शाळेतून आल्यावर नाही. संध्याकाळी बाप कामावरून आला, चपला न काढता, भुवयांमध्ये एक उभी आठी घेऊन खोलीच्या दारात उभा राहिला, आणि म्हणाला, "का रे, आवाज नाही?" मग आत येऊन त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. हाताला यंत्राच्या तेलाचा वास होता. पोराला वाटलं होतं, आपण जिंकलो. त्यानंतर पंचवीस वर्षं तो हाच एक डाव खेळत आला. शेवटची दोन वर्षं तर त्याने बापाशी बोलणंच टाकलं होतं, काहीतरी कारण होतं, कपाटाच्या किल्लीचं. आणि दर आठ-दहा दिवसांनी फोन वाजे. "बोला." "काही नाही. आवाज नाही तुझा, म्हणून केला." "बरंय सगळं." "हं." हा टोमणा आहे असं समजून तो फोन आपटत असे. अकरा वर्षं परक्या डोक्यांतल्या लाटा मोजल्या, आणि ही लाट आठ दिवसांनी न चुकता, सरासरी काढण्याइतक्या वेळा येत होती, तर ती त्याने प्रत्येक वेळी गाळली. निकष क्रमांक सात.

"बोला ना!" तो ओरडला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको वळून बघू लागली. "शुक्रवारी तुम्हाला मागे नेऊन टाकतील. तिथे रेडिओ आहे. कधीच बंद होत नाही तो, कळतंय का? कधीच नाही!" आणि इथे त्याचे शब्द संपले. मुद्दाम नाही, पिंप रिकामं व्हावं तसे संपले. तळघरातला पंपही थांबला. तो बापाच्या तोंडाकडे न बघता, बापाच्या पावलांवरच्या चादरीच्या घडीकडे बघत, तोंड अर्धवट उघडं ठेवून बसला.

मग त्याने वर पाहिलं. बाप त्याच्याकडे बघत होता. छताकडे नाही, त्याच्याकडे. आणि दोन भुवयांच्या मध्ये ती उभी आठी होती, दारात चपलांसकट उभी राहिलेली.

"हे आजचंच नाही हां दादा," मावशी जवळ येऊन म्हणाल्या. यंत्र त्यांनी कधी बंद केलं होतं कोण जाणे. "मी मशीन थांबवलं की रोज असंच बघतात. बिघडलं का काय, असं विचारल्यासारखं. मी म्हणते, नाही बाबा, झालं काम."

"मग सांगितलं का नाही कोणाला?"

"मला कोण विचारतंय? माझ्या डोक्याला कुठे तारा लावल्यात तुम्ही?"

टोपीवाल्याने "बाबा" म्हणायला तोंड उघडलं. "बाबा, मी—" आणि बापाची आठी मोडली, नजर सावकाश छताकडे निघाली. चालू झालं ना, मग चालूय. टोपीवाल्याने तोंड मिटलं. नजर अर्ध्या वाटेत थांबली आणि परत आली. त्याला हसू आलं असतं, पण हसण्याचाही आवाज होतो. खिशात फोन थरथरला, ताईचा असणार, आज त्यांनी बघितलं रे, खरंच बघितलं. त्याने तो उचलला नाही. मावशींना त्याने हाताने खूण केली, शेडमधली माणसं करत तशी : यंत्र लावू नका. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. किती वेळ, ते टिपणारी रेघ तिथे नव्हती.

बुधवारी त्याने चोविसावा अर्ज दिला. भाषा या वेळी उद्धट नव्हती.

'मा. विभागप्रमुख यांस, सविनय सादर. विषय : इअरफोनची पिन पूर्ववत सैल करून मिळण्याबाबत. महोदया, मी याआधी तेवीस अर्जांद्वारे सदर पिन घट्ट करून मागितली होती, ती माझी चूक होती, व ते सर्व अर्ज मी मागे घेत आहे. जुनी पिन स्टोअरमध्ये जमा असून ती योग्य त्या प्रमाणात बिघडलेली आहे. ती बसवून, चारशेपैकी किमान पन्नास वेळा आवाज जाणार नाही याची दक्षता घेऊन, रुग्णाची चाचणी शुक्रवारपूर्वी अपुरी ठरवण्यात यावी. सोबत सफाई कर्मचारी मावशी यांचा जबाब जोडला आहे. त्यांच्या डोक्याला तारा लावलेल्या नाहीत, तरी तो ग्राह्य धरावा. वरील बाब नियमात बसत नसल्यास, आणि रुग्णाला मागच्या इमारतीत हलवणे अटळ असल्यास, तेथील रेडिओ दररोज एकदा, कोणतीही पूर्वसूचना न देता, निदान एका सेकंदापुरता तरी बंद पाडण्यात यावा, व त्या सेकंदात रुग्णाच्या नजरेसमोर कोणीतरी उभे राहील अशी व्यवस्था करण्यात यावी, ही नम्र विनंती.'